पोरगं सफाई देतंय तोवर ते आपलंच आहे

सेलूकडच्या एका सरांचा प्रश्न आहे, आधी तो सांगतो म्हणजे पुढचं नीट लागंल. त्यांच्या शाळेतल्या एका मुलावर आठवीत असताना ऑफिसातला मोबाईल चोरल्याचा आळ आला. मोबाईल नंतर कपाटामागंच सापडला, पण तोवर चोर हे नाव पडलं होतं आणि ते काही निघालं नाही. आईबाप दरसाल ऊसतोडीला जातात, घरी आजी. आता तो सोळाचा आहे, शाळा सुटली, रात्री वाळूच्या ट्रॅक्टरवाल्यांसोबत फिरतो आणि मागच्या महिन्यात त्यानं एका पोराचं डोकं रॉडनं फोडलं. गाव म्हणतंय बघा, आम्ही तेव्हाच म्हणलो होतो. सर विचारतात की लोकांनी नाकारल्यामुळं माणूस खरंच वाईट होतो का ते मुळातच असतं, आणि आता काही करता येतं का उशीर झालाय.

माझी नोकरी परिविक्षा अधिकारी म्हणून गेली, बीड, जालना, परभणी असं फिरत. अठराच्या आतल्या लेकरांच्या केसेस ज्याच्यापुढं चालतात त्या बाल न्याय मंडळापुढं जे लेकरू येतं त्याच्या घरी, शाळेत, गावात जाऊन चौकशी करायची आणि हे असं का वागलं याचा अहवाल मंडळाला द्यायचा हे काम. त्यामुळं उत्तर जरा लांबणार आहे, कारण ह्या प्रश्नाला दोन ओळीत उत्तर देणारे लोक मी लई पाहिलेत, एक म्हणतो समाजच दोषी, दुसरा म्हणतो रक्तातच आहे, आणि दोघं पण नंतर आपापल्या घरी जातात, पोरगं तिथंच राहतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. नाकारल्यामुळं माणूस एकटा पडतो, आणि एकट्या पडलेल्या माणसाला जो पहिल्यांदा हाक मारंल त्याच्या मागं तो जातो. हाक मारणारा कोण आहे यावर पुढचं सगळं ठरतं.

नाव पडल्यावर काय काय होतं ते सांगतो. सुरुवातीला पोरगं भांडतं. आईची शपथ घेतं, रडतं, चला खंडोबाच्या देवळात मी बेलभंडारा उचलतो म्हणतं. कोणी ऐकत नाही. मग वर्गात कोणाचा पेन जरी हरवला तरी सगळ्या माना त्याच्याकडं वळतात, कोणी बोलत नाही, नुसते बघतात. किराणा दुकानवाला म्हणतो तू बाहेरच थांब, काय पाहिजे ते सांग. मित्राची आई दारातूनच परत लावती, तो झोपलाय म्हणती आणि आतून त्या मित्राचा हसण्याचा आवाज येत असतो. लग्नात पंगतीला बसला तर कोणीतरी आपली बॅग उचलून दुसरीकडं ठेवतं. यातली एक एक गोष्ट इतकी लहान आहे की कोणाला सांगायला गेलं तर सांगणारालाच येडा म्हणतील, पण ही रोज घडती, आणि तेरा चौदा वर्षाच्या लेकराला ती रोज मोजता येती.

याच्यापेक्षा वाईट म्हणजे त्यानं काहीही केलं तरी ते पुरावाच होतं. चांगला वागला तर नाटक करू लागलाय, चिडला तर बघा खरं रूप, गप्प बसला तर मनात काहीतरी शिजू लागलंय. सुटायला वाटच नाही. मोठ्या माणसाला वकील लावता येतो, गाव सोडता येतं, लेकराला त्याच शाळेत त्याच बाकावर जाऊन बसावं लागतं.

चौकशीला गेलो की मी पोराला एकदम गुन्ह्याचं विचारायचो नाही. आधी शेरडांचं, क्रिकेटचं, पाण्याच्या टँकरचं काहीतरी बोलायचो आणि मधीच विचारायचो की लोक तुझ्याबद्दल असं असं म्हणतात, खरंय का. ह्या एका प्रश्नावर मला बरंच कळायचं. जे पोरगं ताडकन उठून कोण म्हणलं, आणा त्याला माझ्यासमोर असं म्हणतं, खोटं का होईना पण तासभर मला पटवत बसतं, त्याची मला फार काळजी वाटायची नाही. आपल्याबद्दल कोण काय म्हणतं याची त्याला अजून पर्वा आहे, म्हणजे ते अजून आपल्यातच आहे. भीती वाटायची ती हसणाऱ्या पोराची. हो साहेब, मीच केलं, अजून काय काय माझ्या नावावर लिहायचंय ते लिहून घ्या. जे केलंच नाही ते पण कबूल करणारी पोरं मी पाहिलीत. पोलिसांनी मारून कबूल करून घेतलेलं वेगळं, हे तसं नव्हतं. ह्यांना सफाई द्यायचाच कंटाळा आलेला होता. इतक्या वेळा खरं सांगून उपयोग झाला नाही तर खरं बोलायचं कशाला, आणि चोर म्हणून हिणवून घेण्यापेक्षा भाई म्हणून घाबरवलेलं बरं, निदान मान खाली घालून तर चालावं लागत नाही. जे नाव लोकांनी चिकटवलं होतं ते आता तो स्वतःच अंगावर घालतो. माझ्या मते माणूस वळतो तो ह्याच जागी, पहिल्या चोरीला नाही आणि पहिल्या मारामारीला पण नाही.

एडविन लेमर्ट नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं १९५१ साली हेच दोन टप्प्यांत मांडलं होतं. पहिला टप्पा म्हणजे हातून काहीतरी गैर होणं, आणि दुसरा म्हणजे त्यावरून लोकांनी दिलेली ओळख स्वीकारून तसंच जगायला लागणं. पहिला आपल्या सगळ्यांच्या आयुष्यात असतो हो, दुसऱ्याच्या वावरातले हरभरे उपटून न खाल्लेला माणूस मराठवाड्यात दाखवा मला. दुसरा टप्पा मात्र कोणी एकट्यानं गाठत नाही, त्याला आजूबाजूची माणसं लागतात.

आता हाक मारणाऱ्याकडं येतो. गोदावरी, पूर्णा, दुधना, सिंदफणा ह्या नद्यांच्या काठच्या लोकांना हे नवीन नाही. रात्री चोरून वाळू उपसायची तर तहसीलची गाडी निघाली का, तलाठी कुठं उभा आहे, पोलीस कोणत्या फाट्यावर आहेत हे कळवायला पोरं लागतात, लोकेशनची पोरं म्हणतात त्यांना. मोटरसायकल मिळती, पेट्रोल मिळतं, रिचार्ज मिळतो, ढाब्यावर जेवण मिळतं आणि वर थोडेफार पैसे. लोक म्हणतात पोरगं पैशाला भुललं. पैसा असतोच, पण मला ह्या पोरांनी स्वतःहून जे सांगितलं ते पैशाचं नव्हतं, ते असं होतं की तिथं गेलं की म्हणतात आला का रे, ये बस, जेवला का. दोन दोन वर्ष ज्याला कोणी जेवला का म्हणून विचारलेलं नाही त्याला हे काय वाटत असंल त्याचा विचार करा. वाळूवाला त्याला तू चोर आहेस का असं कधीच विचारत नाही, त्याच्या हिशोबात तर ते चांगलंच आहे, डेअरिंगबाज पोरगं आहे म्हणतो आणि चार लोकांसमोर पाठीवर थाप मारतो.

किंमत नंतर सांगतात. एक दिवस म्हणतात त्याला जरा समजावून ये. त्याला म्हणजे कोणाला, तर ज्यानं ट्रॅक्टरचा व्हिडिओ काढला किंवा तक्रार केली किंवा दुसऱ्या टोळीचं काम केलं. आता नाही म्हणावं तर परत कुठं जायचं, गावात तर दार बंदच आहे. म्हणून जातो. सर, त्या पोराच्या हातात रॉड कसा आला हे मी पाहिलेलं नाही, पण एवढी चौकशी तुम्ही करा की मार खाणाऱ्या पोराशी याचं स्वतःचं काही भांडण होतं का. बहुतेक नसंल. आणि आता तर मोबाईल आहे, मारहाणीचे पण व्हिडिओ काढतात, तलवारीनं केक कापतानाचं रील टाकतात, आणि ज्याला गावात कोणी समोर बसवत नाही त्याला तिथं हजारभर लोक बघतात, बदाम टाकतात. ते एकदा बघितलं की परत दुकानाबाहेर उभं राहून पाच रुपयाचा बिस्कीटपुडा मागणं त्याला जमत नाही.

कुठं बोलायला गेलो की कोणीतरी कर्णाचं विचारतंच, म्हणून थोडक्यात. महाभारतात शस्त्रविद्या दाखवायच्या मैदानात कृपाचार्य त्याचं कूळ विचारतात, भीम म्हणतो तू हातात चाबूक धर, बाकी एवढी शहाणी माणसं बसलीत पण त्याच्या बाजूनं बोलायला उठतो एकटा दुर्योधन आणि तिथल्या तिथं अंगदेशाचं राज्य देऊन टाकतो. पुढं भर सभेत द्रौपदीबद्दल जे अभद्र बोलणं कर्णाच्या तोंडून निघालं ते त्या उपकाराच्या हिशोबातलंच होतं. कर्णाच्या दुःखावर बोलणारे लई भेटतात, पण त्या दिवशी भीष्म, द्रोण, विदुर गप्प का बसले यावर कोणी बोलत नाही, आणि गावाच्या बाबतीत मला तोच प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो.

हे फक्त पोरांचंच आहे असं नाही. एका केसमध्ये मी बालाघाटच्या डोंगरातल्या एका गावी गेलो होतो, ओळखू येऊ नये म्हणून तपशील बदलून सांगतो. पोराच्या आजीवर लोकांचा आरोप होता की ती भानामती करती. तिचं खरं एवढंच की नवरा लवकर गेला, सून बाळंतपणात गेली, आणि शेजारच्या म्हशीचं दूध आटलं त्या दिवशी ती त्या गोठ्याजवळून गेली होती. त्यानंतर तिच्या हातचं कोणी पाणी पीत नव्हतं, लेकरं दिसली की आया पदराखाली घ्यायच्या, नळावर तिचा नंबर सगळ्यात शेवटी, कधी कधी येईपर्यंत पाणीच जायचं. लई वर्ष तिनं हे सहन केलं, मी असलं काही करत नाही गं बायांनो असं सांगत फिरली. मग एक दिवस नळावर भांडणं लागली आणि ती रागात म्हणाली, बघते आता एकेकीच्या घराकडं. सगळ्या बाया घागरी उचलून बाजूला सरल्या. तिला त्या दिवशी पहिल्यांदा पहिल्या नंबरवर पाणी मिळालं.

तिथून पुढं ती बदलली. कोणाच्या उंबऱ्यावर लिंबू ठेवायचं, अमावस्येला मुद्दाम केस मोकळे सोडून गावातून चालायचं, कोणी उसनं दिलं नाही तर नुसतं त्याच्या लेकराकडं टक लावून बघायचं. एका नव्या बाळंतिणीकडून तिनं बाळावरचं उतरवायचं म्हणून पैसे घेतले, ती पोरगी भीतीनं आजारी पडली होती. हे वाईटच आहे, यात मी काही पांघरूण घालत नाही, आणि २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात भानामतीच्या नावानं दहशत घालणं हा गुन्हाच आहे. पण गावानं तिच्याकडं दुसरं काय शिल्लक ठेवलं होतं हो. माणुसकी मागून मिळाली नाही, भीती दाखवल्यावर धान्य पण मिळालं आणि पाणी पण मिळालं. आणि हे सगळं तिचा नातू बघत होता, त्याच्याच केससाठी मी गेलो होतो, तो जगायची रीत घरातच शिकला होता.

शरीराला पण नाकारलेलं कळतं, हे आता अभ्यासातनं पुढं आलंय. किपलिंग विल्यम्स नावाच्या मानसशास्त्रज्ञाचा एक साधा प्रयोग आहे, कॉम्प्युटरवर तिघांनी चेंडू एकमेकांकडं फेकायचा खेळ, आणि थोड्या वेळानं बाकीचे दोघं तुमच्याकडं चेंडू टाकायचंच बंद करतात. एवढंच. तरी माणसं खिन्न होतात, आपण कोणीच नाही असं त्यांना वाटायला लागतं, आणि समोर माणसं नाहीत नुसता कॉम्प्युटर आहे हे आधी सांगितलं तरी तसंच होतं. २००३ साली हाच खेळ खेळताना मेंदूचं स्कॅनिंग केलं तेव्हा शारीरिक वेदनेच्या वेळी जागा होणारा एक भाग तिथं पण जागा झालेला दिसला. २००१ मध्ये आणखी एक अभ्यास आला, त्यात काही जणांना मुद्दाम सांगितलं की तुम्हाला कोणीच निवडलं नाही किंवा तुम्ही पुढं एकटेच पडाल. अशी माणसं नंतर जास्त आक्रमक वागली, आणि अपमान करणाऱ्याशीच नाही तर ज्यानं काहीच वाकडं केलं नव्हतं अशा तिऱ्हाईताशी पण. हे फार महत्त्वाचं आहे, कारण गाव नेहमी विचारतं की अहो त्या बिचाऱ्यानं याचं काय वाईट केलं होतं. काहीच केलं नव्हतं. राग गावावरचा असतो आणि निघतो जो समोर सापडंल त्याच्यावर. पण त्याच अभ्यासात असं पण दिसलं की ज्यानं त्यांचं कौतुक केलं त्याच्याशी ही माणसं तशी वागली नाहीत. ते पुढं कामाला येतं.

एका पोराचं सोडा, आपल्याकडं सबंध जमातींना हे केलेलं आहे. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा आणला, म्हणजे लेकरू जन्मायच्या आधीच गुन्हेगार. हजेरी लावायची, परवानगीशिवाय हलायचं नाही, सोलापूरला तर तारेच्या कुंपणात वसाहत होती. आपला मराठवाडा तेव्हा निजामाकडं होता पण ह्या लोकांकडं बघायची नजर इथं काही वेगळी नव्हती. ३१ ऑगस्ट १९५२ ला त्यांना त्या शिक्क्यातनं मुक्त केलं, म्हणून तर विमुक्त म्हणायचं. कागदावरनं निघालं, पण आज पण रात्री कुठं चोरी झाली की सकाळी गाडी पारध्याच्या पालाकडं वळती. पालावरच्या एका पोरानं मला विचारलं होतं, साहेब, केलं तरी मार, नाही केलं तरी मार, मग नाही करून फायदा काय. मला त्याला पटंल असं उत्तर तिथं उभ्या उभ्या देता आलं नाही, कारण त्याच्या अनुभवात तसा फायदा खरंच नव्हता. आणि तरी पण त्या पालावरची बहुतेक माणसं शेरडं राखून, मजुरी करून, रस्त्यावर काहीबाही विकून खातात, हे कोणी बघत नाही, दिसतो तो एक पकडलेला.

पोलिसांच्या काही पद्धतींबद्दल पण बोललं पाहिजे, कारण त्यांना लोक टाळ्या वाजवतात. पकडलेल्या पोरांची भर बाजारातनं धिंड काढायची, डोकं भादरायचं, कान धरायला लावायचं, व्हिडिओ काढायचा. बघणाराला वाटतं जिरली. अहो जिरत नाही, पक्की होती. त्या दिवसानंतर ते पोरगं गावातल्या कोणत्याच चांगल्या माणसाच्या डोळ्याला डोळा देऊ शकत नाही, मग ते फक्त ज्यांची अशीच धिंड निघाली त्यांच्यातच बसतं. तडीपारीचं पण थोडं तसंच. महाराष्ट्र पोलीस कायद्यानं दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर हद्दपार करता येतं, सराईत टोळीवाल्यासाठी ठीक आहे, नाइलाज असतो. पण अठरा एकोणीस वर्षाचा पोरगा बीडमधून काढला की तो वाळूजला नाहीतर पुण्याला कोणाच्या तरी खोलीवर जाऊन पडतो, आणि तिथं त्याला घेणारं कोण असतं तर आधी तडीपार होऊन गेलेलं कोणीतरी. आई, बहीण, गावातलं एखादं चांगलं माणूस, जे काही धरून ठेवणारं होतं तेवढंच नेमकं तुटतं.

मग नाकारलेले सगळेच का बिघडत नाहीत, हा सरांच्या प्रश्नाचाच दुसरा भाग आहे. हवाईतल्या कवाई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा संशोधकांनी कित्येक वर्ष पाठपुरावा केला. त्यातली ज्यांची परिस्थिती सगळ्यात कठीण होती, गरिबी, घरात भांडणं, दारू, आजार, त्यातली पण तीनातलं एक मूल नीट, समजूतदार माणूस म्हणून मोठं झालं. त्यांच्यात जे सापडलं त्यातलं एक म्हणजे त्यांना लहानपणी कोणीतरी एक माणूस घट्ट मिळालं होतं, आई नसंल तर आजी, नसंल तर मास्तर, शेजारीण. माझ्या कामात मला पण हेच दिसलं. आपल्या पैठणचंच बघा. संन्याशाची पोरं म्हणून वाळीत टाकलेली चार भावंडं, परंपरा सांगती की आईबापांनी प्रायश्चित्त म्हणून देह टाकला, आणि ही लेकरं शुद्धिपत्रासाठी आळंदी, पैठण अशी दारं ठोठावत राहिली. त्यांच्या मोठेपणाबद्दल मी काय बोलणार, पण एक माणसांसोबत काम करणारा म्हणून मला दिसतं की ती चौघं होती. ज्ञानेश्वरांना निवृत्तिनाथांसारखा भाऊ गुरू म्हणून घरातच होता, आणि लोकांच्या बोलण्यानं दुखावून ते दार लावून बसले तेव्हा दाराबाहेर उभं राहून समजावणारी मुक्ताई होती. सरांच्या त्या पोराला दाराबाहेर कोण आहे, हे शोधायचं.

स्वभावाचा काहीच वाटा नसतो असं मी म्हणत नाही. काही लेकरं मुळातच तापट, उतावळी असतात, एका जागी बसत नाहीत. पण त्यामुळंच ती आधी नजरेत येतात, आधी शिक्षा खातात, आधी बाजूला काढली जातात, आणि मग स्वभाव कोणता आणि बाजूला काढल्याचा परिणाम कोणता हे पुढं वेगळं करताच येत नाही. म्हणून मी त्या वादात वेळ घालवायचो नाही, जे बदलता येतं तिथं हात घालायचो.

आणि ज्याचं डोकं फुटलं ते पण कोणाचं तरी लेकरूच आहे. नाकारलेल्याचं दुःख सांगताना त्याला विसरलेलं मला चालत नाही. जे केलं त्याचा जाब त्या पोराला द्यावाच लागंल, माझं म्हणणं फक्त एवढंच की जाब केलेल्या गोष्टीचा मागायचा, जन्माचा नाही. जालन्याच्या बाजूला एका गावात एका पोरानं विहिरीवरची मोटारीची केबल चोरली होती, तांबं विकायला. चार एकर मोसंबीला ऐन उन्हाळ्यात पाणी बसलं नाही, शेतकऱ्याचं मोठं नुकसान झालं. मंडळाचं जे व्हायचं ते झालं, पण गावानं पण शहाणपण केलं. पोरानं त्या शेतकऱ्याच्या वावरात काम करून नुकसान थोडंफार फेडायचं ठरलं, शेतकरी रोज त्याला सोबत बसवून जेवू घालायचा. नंतर चैत्रात सप्ताह होता, तर त्या शेतकऱ्यानंच त्याला काल्याच्या पंगतीला वाढायला लावलं, हातात बुंदीची बादली देऊन. सगळ्या गावानं त्याच्या हातचं खाल्लं. चोर ठरवायला आपल्याकडं लई कार्यक्रम आहेत, धिंड आहे, स्टेटस आहे, शाळेतनं नाव काढणं आहे, माणसात परत घ्यायला असा एखादाच प्रसंग असतो आणि तो मुद्दाम घडवून आणावा लागतो.

आता सर, तुमच्या पोराचं. उशीर झाला का हे मला इथनं सांगता येणार नाही, तुम्ही त्याला भेटून विचारा की मोबाईल तू घेतला होता का. चिडला, भांडला, रडला तर वेळ आहे. हसला तर काम अवघड आहे पण सोडू नका, मी हसणारी पोरं पण परत आलेली पाहिलीत, जास्त दिवस लागतात.

मोबाईलचं शाळेनं जाहीर बोललं पाहिजे. आळ सगळ्यांसमोर आला होता तर तो उतरवायचा पण सगळ्यांसमोर, खाजगीत सॉरी म्हणून चालणार नाही. परिपाठाला सांगा, ग्रामसभेत सांगा, की मोबाईल शाळेतच सापडला होता आणि त्या पोरावर उगीच आळ आला. डोकं फोडल्याचं त्यात मिसळू नका, ते वेगळं आहे, त्याची केस वेगळी चालंल.

केसमध्ये त्याच्यासोबत तारखेला कोणीतरी जायला पाहिजे, आईबाप कारखान्यावर असले तर तुम्ही जा. अठराच्या आतल्या लेकराला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही हे ठाण्यात नम्रपणे पण ठामपणे सांगा. त्याचा फोटो, नाव कोणी ग्रुपवर टाकलं असंल तर काढायला लावा, बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार टाकणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, हे ॲडमिनला कळलं की लगेच काढतात. आणि पोराला एक गोष्ट आवर्जून सांगा, कारण आपल्याकडं प्रत्येक पोराच्या डोक्यात पोलीस भरती, आर्मी भरती असती आणि केस झाली की सगळं संपलं असं त्याला टपरीवरचे लोक सांगतात. त्याच कायद्याच्या कलम २४ नुसार लहानपणीच्या अशा गुन्ह्यामुळं पुढं अपात्रता येत नाही, अपवाद आहे तो सोळाच्या पुढच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्यात मोठ्यासारखा खटला चालला तरच. वकिलाकडून त्याच्या केसचं नेमकं कलम बघून घ्या आणि मग त्याला समोर बसवून समजावून सांगा. सगळं संपलं नाही हे कळल्यावर पोरांचा चेहरा बदलताना मी पाहिलाय.

दहावी बाहेरून देता येती, १७ नंबरचा फॉर्म भरून, त्याची मुदत बोर्ड दरवर्षी कळवतं ती चुकवू नका. दिवसा काम पाहिजे, गॅरेज, वेल्डिंग, मोटार रिवाइंडिंग असं काहीही, पण मालक असा बघा जो त्याला गल्ल्याजवळ बसू देईल. रात्री घरी झोपला पाहिजे, निदान सुरुवातीचे महिने, कारण वाळूचं सगळं काम रात्रीचं आहे. ते लोक लगेच सोडणार नाहीत, धमकी आली तर त्याला एकट्याला निस्तरायला लावू नका, तुम्ही आणि पोलीस पाटील मिळून ठाण्यात जा. जिल्हा बाल संरक्षण कक्ष प्रत्येक जिल्ह्याला आहे, आणि १०९८ वर फोन केला तर मार्ग सांगतात.

मार खाल्लेल्या पोराच्या घरी त्याला न्यायचंच आहे, दवाखान्याच्या खर्चाचं बोलायचं, त्यानं स्वतःच्या तोंडानं चुकलं म्हणायचं. पण आधी तुम्ही एकटे जाऊन त्या घरच्यांना विचारा, ते तयार असले तरच न्या, आणि नेताना सोबत दोन जुनी माणसं घ्या. हे सगळं दसऱ्याच्या आत करा, दसरा दिवाळी झाली की मुकादमाची गाडी येती, आईबाप कारखान्याला जातात, आणि मग घरात आजीशिवाय कोणी राहत नाही.